या चुका टाळा: जेड म्हणून घरी आणलेलं स्पेकबूम

श्रावण संपत आला की माझ्या फोनवर फोटो यायला लागतात. कुंडीत उघडंबोडकं खोड, मातीवर पसरलेली गोल हिरवी पानं आणि खाली ठरलेला प्रश्न: "दादा, जेडची पानं गळतायत, काय घालू?" गेली अठरा वर्षं मी हे झाड पुण्यात वाढवतोय, आधी गॅलरीत आणि आता गच्चीवर. मित्रांची, नातेवाइकांची, त्यांच्या शेजाऱ्यांची मिळून शंभरेक बिघडलेली झाडं तरी हातात घेऊन पाहिली असतील. त्यातली बहुतेक काहीतरी घातल्यामुळेच बिघडलेली होती. पाणी घातलेलं, शेणखत घातलेलं, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, केळ्याच्या साली. हे झाड उपासमारीनं मरताना मी फार क्वचित पाहिलंय. मायेनं मरताना मात्र दर पावसाळ्यात पाहतो आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी झाडाची ओळख नीट करून घ्या. नर्सरीत 'जेड' म्हणून जे छोट्या गोल पानांचं रोप मिळतं ते बहुतेक वेळा पोर्टुलाकारिया आफ्रा असतं. याचं गाव दक्षिण आफ्रिका. तिथल्या ईस्टर्न केप प्रांतातल्या कोरड्या दऱ्या, खडकाळ उतार, शेजारचा लिटल कारूचा भाग, आणि तिथून वर ईशान्येला मोझांबिकपर्यंत हे रानात आपोआप उगवतं. उंची दोन-तीन मीटर, कधी चार-साडेचार. तिकडे याला स्पेकबूम म्हणतात. आफ्रिकान्स भाषेत 'स्पेक' म्हणजे डुकराची चरबी आणि 'बूम' म्हणजे झाड; पानांच्या गुबगुबीतपणावरून पडलेलं नाव. शास्त्रीय नाव तर आपल्याला अगदी जवळचं आहे. पोर्टुलाका म्हणजे आपली घोळ, भाजीची घोळ. पोर्टुलाकारिया म्हणजे घोळीसारखी, आणि आफ्रा म्हणजे आफ्रिकेची. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला घोळीच्या कुळातून काढून मादागास्करच्या काटेरी झाडांच्या कुळात नेऊन बसवलं, पण पान चावून पाहिलंत तर जुनं नातं जिभेला लगेच कळतं.

दुसरं 'जेड' म्हणजे क्रॅसुला ओव्हाटा. तेही दक्षिण आफ्रिकेचंच, पण झाड वेगळं. त्याची पानं मोठी, जाड, चमच्यासारखी. कोवळी फांदी हिरवी आणि गुबगुबीत. स्पेकबूमची कोवळी फांदी तांबूस, सडपातळ आणि पानं करंगळीच्या नखाएवढी किंवा थोडी मोठी, समोरासमोर जोडीनं आलेली. हा फरक नुसता नावापुरता नाही. क्रॅसुलाचं एक पान मातीवर ठेवलं तरी त्यातून रोप येतं. स्पेकबूमच्या सुट्या पानाकडून ती आशा धरू नका, फांदीच लावा. क्रॅसुला कुत्र्या-मांजरांना बाधतं. स्पेकबूम जनावरंही खातात आणि माणसंही. कुणीतरी "जेडची पानं खातात" असं वाचून क्रॅसुलाची पानं कोशिंबिरीत घालतं, तेव्हा हा फरक माहीत असावा असं फार वाटतं. आणि स्पेकबूम असलं तरी नर्सरीतून कालच आणलेल्या रोपाचं पान तोंडात टाकू नका. त्यावर कसली फवारणी झालीय हे आपल्याला माहीत नसतं.

पाण्याची चूक

आता मुख्य गोष्ट. "पानं सुरकुतली म्हणजे झाडाला तहान लागली" हे वाक्य अर्धंच खरं आहे, आणि या अर्ध्या वाक्यानं जितकी स्पेकबूम मारली तितकी कुठल्याही किडीनं मारली नसतील.

पान दोन कारणांनी सुरकुततं. एक, मातीत पाणी नाही. दोन, मातीत पाणी भरपूर आहे पण ते ओढायला मुळंच उरलेली नाहीत, कुजलीत. वरून दोन्ही झाडं जवळजवळ सारखी दिसतात. मग माणूस काय करतो? पाणी घालतो. पहिल्या झाडाला त्यानं जीव येतो. दुसऱ्याचा उरलासुरला जीवही जातो.

२०१९ सालचा पावसाळा. माझी सासुरवाडी सांगलीची. त्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला आणि पाणी ओसरल्यावर घरातला चिखल काढायला आम्ही दोघं तिकडे गेलो, ते जवळजवळ तीन आठवडे तिथेच राहिलो. निघताना किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली. गॅलरीत माझं सगळ्यात जुनं स्पेकबूम होतं. एका मित्राच्या वडिलांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दिलेल्या वीतभर फांदीपासून वाढवलेलं. बुंधा मनगटाएवढा झाला होता आणि मातीलगत तो असा रुंद पसरला होता, की पाहुणे आधी झाडाकडे जायचे आणि मग सोफ्यावर बसायचे. मी काकूंना सांगून गेलो, "दोन-तीन दिवसांनी थोडं पाणी घाला." तीच माझी चूक. गॅलरीत पाऊस येत नव्हता, पण हवा इतकी दमट होती की कुंडीतली माती दहा-दहा दिवस वाळत नव्हती. "परत येईपर्यंत याला हातही लावू नका," असं सांगायला हवं होतं.

गणपतीच्या आदल्या दिवशी परत आलो. झाडाखाली पानांचा सडा आणि कुंडीखालच्या ताटलीत दोन बोटं पाणी. काकू बिचाऱ्या रडवेल्या झाल्या. "अहो, पानं सुकत चालली होती, म्हणून मी सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा घालायला लागले. एक दिवस चुकवला नाही हो." त्यांचा काडीचाही दोष नव्हता. आपल्या घरात झाड सुकलं की पाणी घालतात, तुळशीला असंच करतात, मोगऱ्याला असंच करतात.

मी बुंध्यावर अंगठा दाबला. पिकून काळ्या पडलेल्या केळ्यासारखा तो आत गेला आणि आंबूस वास आला. कुंडी उपडी केली तर मुळांच्या जागी तपकिरी दोरे, हातात घेताच साल निसटून येणारे. मग धारदार सुरी स्पिरिटनं पुसून बुंधा मातीलगत कापला. आत कडेनं तपकिरी कडं. बोटभर वर पुन्हा कापला, कडं होतंच, फक्त बारीक झालेलं. दर कापाआधी सुरी पुन्हा पुसत, चकती चकती करत वर गेलो. सहाव्या चकतीला आतला गर सगळीकडे सारखा दिसला, कोवळा दुधी आडवा कापल्यावर दिसतो तसा, फिकट हिरवा-पांढरा आणि घट्ट. तिथे थांबलो. कापलेल्या जागेला हळद लावली, उरलेली पानं बरीचशी काढून टाकली आणि ते खोड कपाटावर वर्तमानपत्र पसरून त्यावर आडवं ठेवलं. तीन आठवडे. घरच्यांना वाटलं मी झाड टाकून दिलंय. मग कोरड्या मिश्रणात रोवलं, आणखी दहा दिवस पाण्याचा थेंब दिला नाही. दिवाळीच्या आसपास पहिला तांबूस कोंब दिसला.

झाड वाचलं. पण मातीलगतचा तो रुंद बुंधा गेला, जो वर्षानुवर्षांच्या वाढीतून आला होता. आज ते झाड खांबासारखं सरळ उभं आहे आणि तो पसारा परत यायला मला आणखी पंधरा वर्षं लागतील.

तेव्हापासून माझी सवय अशी आहे. पानं सुरकुतलेली दिसली की पाण्याचा तांब्या उचलायच्या आधी तीन गोष्टी करायच्या. बुंधा अंगठ्यानं दाबायचा. वीतभर बांबूची काडी कुंडीच्या तळापर्यंत खुपसून पाच मिनिटांनी काढायची आणि तिला ओल लागलीय का ते गालाला लावून पाहायचं. बोटांपेक्षा गालाला ओल लवकर कळते. आणि कुंडी उचलून तिचं वजन बघायचं. बुंधा टणक, काडी कोरडी, कुंडी हलकी असेल तर झाडाला तहान लागलीय. मनसोक्त पाणी द्या, खालून वाहून जाईपर्यंत. दोन-तीन दिवसांत पानं पुन्हा भरतात. काडी ओली असेल आणि पानं पिवळट, पारदर्शक होऊन हात लावताच गळत असतील, तर पाणी बंद करा, झाड कुंडीतून बाहेर काढा आणि मुळं बघा. "अजून आठवडाभर वाट बघू" असं करू नका. कूज वर चढायला आठवडा पुरतो.

"आठवड्यातून किती वेळा पाणी घालायचं?" या प्रश्नाला मी आता उत्तरच देत नाही. वार ठरवून पाणी घालणारा माणूस झाडाकडे बघत नाही, कॅलेंडरकडे बघतो. स्पेकबूमचं सगळं शरीर न मिळणाऱ्या पाण्यासाठी घडलेलं आहे. ईस्टर्न केपमधल्या आड्डोच्या आसपास वर्षाला साधारण ४०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तोही वर्षभर थोडा थोडा विखरून. पुण्यात सातशेच्या वर पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. कोकणात तर अडीच-तीन हजार. आकड्यापेक्षाही चार महिने सलग न वाळणारी माती ही याला अगदी परकी गोष्ट आहे. म्हणून जूनच्या पहिल्या वळवानंतर माझी सगळी झाडं पत्र्याच्या शेडखाली जातात, जिथे ऊन तिरपं येतं आणि पाऊस येत नाही. रत्नागिरी-चिपळूणकडच्या मंडळींनी तर यात अजिबात हयगय करू नये.

एक प्रयोग मात्र जरूर करा, म्हणजे हे झाड पाण्याशी कसं वागतं ते पुस्तकाशिवाय कळेल. वर्षभर तुमच्याकडे असलेलं, काही न फवारलेलं झाड उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे तहानेलं ठेवा. मग पहाटे एक पान चावा आणि त्याच फांदीचं दुसरं संध्याकाळी. पहाटेचं झणझणीत आंबट लागेल, चिंचेच्या पाल्यासारखं. संध्याकाळचं बरंचसं सपक. पाण्याची चणचण असली की स्पेकबूम दिवसा पानांची छिद्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडतं. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात पानात साठवतं आणि दिवसा उन्हात तो वापरून टाकतं. पाणी मिळालं की पुन्हा साध्या झाडासारखं दिवसाचं काम सुरू. अशी दोन्ही रीत जमणारी झाडं थोडी आहेत. असल्या झाडाला रोज तांब्याभर पाणी देणं म्हणजे त्याला ओळखलंच नाही असं मला वाटतं.

ताजी फांदी ओल्या मातीत

ही माझी दुसरी दुखरी जागा. फांदी तोडली, लगेच कुंडीत खोचली, वरून पाणी घातलं आणि कुणी तर वर प्लॅस्टिकची पिशवीही बांधली. गुलाबाला करतात तसं. आठ-दहा दिवसांत फांदी खालून काळी.

स्पेकबूम त्याच्या गावी कसं पसरतं ते एकदा समजून घेतलं की ही चूक होतच नाही. तिकडे ते हत्तींचं खाद्य आहे. हत्ती वरून खातो. शेंडे ओरबाडतो, फांद्या मोडतो, अर्ध्या तोंडात जातात आणि अर्ध्या खाली पडतात. बुंध्याभोवती जमिनीला टेकलेल्या फांद्यांचा घेर तसाच राहतो आणि तो जागोजागी मुळं धरतो. खाली पडलेला तुकडा तापलेल्या कोरड्या जमिनीवर पडून राहतो, त्याची जखम वाळते, त्यावर खपली धरते आणि मग कधीतरी पाऊस आला की तिथून मुळं फुटतात. हा क्रम बघा: आधी जखम वाळणं, मग पाणी, मग मुळं. आपण नेमका उलटा धरतो.

आड्डोमध्ये १९३१ साली राष्ट्रीय उद्यान झालं तेव्हा तिथे फक्त ११ हत्ती उरले होते. आज सहाशेच्या वर आहेत आणि स्पेकबूम अजून उभं आहे. याउलट जिथे मोहेरच्या लोकरीसाठी अंगोरा शेळ्या दाटीवाटीनं पाळल्या, तिथे डोंगरचे डोंगर उघडे पडले, कारण शेळी खालून खाते. तो जमिनीला टेकलेला घेरच संपवते. मग झाडाला पसरायला काही उरत नाही आणि शेळ्या हटवल्या तरी ते रान आपणहून परत येत नाही. हे वाचल्यापासून मी माझ्या मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या कधीही साफ करत नाही. बोन्साय करणारे मित्र नाक मुरडतात. मुरडू देत.

माझी पद्धत: पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर फांदी घ्यायची. बारीक शेंड्यांपेक्षा जाड फांदी चांगली, तिच्यात साठा असतो. खालची चार-पाच पानं काढायची. सावलीत, कोरड्या जागी, वर्तमानपत्रावर किमान आठवडाभर ठेवायची. अंगठ्याएवढी जाड असेल तर पंधरा दिवस, त्याहून जाड असेल तर तीन आठवडे. पानं जरा मऊ पडतील, पडू देत. मग कोरड्या मिश्रणात दोन-तीन बोटं खोल रोवायची, हलणार नाही अशी. दहा-बारा दिवसांनी पहिलं पाणी. मुळं आलीत का हे बघायला फांदी उपटायची नाही. शेंड्याला नवीन पानाची जोडी आली की मुळं आली, एवढंच लक्षात ठेवा. रोज ओढून बघणाऱ्यांना मी पुन्हा फांदी देत नाही. नवीन मुळं केसासारखी असतात, एका ओढीत तुटतात.

"आम्ही पाण्याच्या ग्लासात ठेवलं तर मुळं आली की!" येतात कधीकधी. पण ती पाण्यातली मुळं मातीत गेल्यावर बऱ्याचदा टिकत नाहीत आणि झाडाला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. तीन आठवडे थांबण्याचा कंटाळा वाचवायला तीन महिने घालवायचे, हा व्यवहार मला पटत नाही.

लावण्याची वेळ फेब्रुवारी ते एप्रिल. पावसाळ्यात सगळं जग झाडं लावतं म्हणून हेही लावू नका.

माती

नर्सरीतून रोप येतं ते चिकट लाल मातीच्या गोळ्यात. तो गोळा वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि एकदा पूर्ण वाळला की दगड होतो. वरून घातलेलं पाणी कडेनं खाली निघून जातं. आणल्यावर पंधरा दिवसांनी मी रोप बाहेर काढतो, गोळा हातानं हलकेच फोडतो, मुळं मोकळी करतो आणि आठवडाभर कोरड्या मिश्रणात तसंच ठेवतो. तुटलेल्या मुळांच्या जखमा वाळेपर्यंत पाणी नाही. कुंडी बदलल्याबरोबर "माती बसावी म्हणून" पाणी घालणं ही सवय इथे सोडायची.

मिश्रणाचं फार शास्त्र करू नका. माझं असं असतं: दोन भाग चाळलेला मुरूम, एक भाग वीटचुरा, एक भाग जुनं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. मुरूम चाळायचा म्हणजे त्यातली भुकटी काढून टाकायची, हरभऱ्याएवढे खडे ठेवायचे. भुकटी राहिली तर पहिल्याच पावसात तिचं सिमेंट होतं. कोकोपीट मी वापरत नाही. ते पाणी धरून ठेवतं, आणि पाणी धरून ठेवणं हे काम स्पेकबूमची पानंच करतात. काळी माती तर नकोच नको. सोलापूर-लातूरकडे ती सगळीकडे असते म्हणून लोक सहज वापरतात. उन्हाळ्यात भेगा पडून मुळं तोडते, पावसात चिखल होऊन मुळं कुजवते.

कुंडी मातीची, झाडापेक्षा जरा लहानच. "वाढेल म्हणून" मोठी कुंडी आणू नका. मुळं पोचत नाहीत तिथली माती ओलीच राहते. खालची ताटली काढून टाका. हे एक वाक्य ऐकलंत तरी निम्मी झाडं वाचतील.

काही लहान चुका, थोडक्यात

बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी ठेवणं. धनाचं झाड म्हणून दुकानदार घरात ठेवायला सांगतात. चार महिन्यांत फांद्या लांबुडक्या होऊन दोन पानांमधलं अंतर वाढतं. याला रोज चार-पाच तास थेट ऊन लागतं.

आणि तेच झाड एका दिवसात घरातून एप्रिलच्या गच्चीवर नेणं. पानं भाजून पांढरी पडतात. आठ-दहा दिवस सकाळचं ऊन, मग हळूहळू पुढे.

पानांच्या कडा लाल झाल्या म्हणून औषध मारणं. ऊन चांगलं लागलं की कडा लाल होतातच. ते झाड खुशीत आहे.

पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन एकेक पुसा आणि फांदीच्या बेचक्यात बघा, तिथे लपतात. फवारणी करायचीच तर निंबोळी तेल, संध्याकाळी. भर उन्हात तेल मारलं तर पानं भाजतात.

महिन्याला खत. नको. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर मूठभर गांडूळखत पुरे. खतावर फुगलेली फांदी ठिसूळ होते, वाऱ्यानं मोडते.

थंडी. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी याची काळजी नाही, पण निफाडकडे किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या बाजूला हिमकण पडतात तिथल्या लोकांनी डिसेंबर-जानेवारीत झाड भिंतीजवळ आणावं. गोठलेलं दंव याला सोसत नाही. खुद्द ईस्टर्न केपमध्ये उजाड झालेल्या रानात स्पेकबूम परत लावण्याचा मोठा सरकारी कार्यक्रम २००४ पासून सुरू झाला, शेकडो ठिकाणी फांद्या लावून पाहिल्या, आणि दऱ्यांच्या तळाशी जिथे रात्री गार हवा साठून दंव गोठतं तिथल्या फांद्या मेल्या. वरच्या उतारावरच्या जगल्या, जनावरांनी सोडल्या तर. झाडाच्या स्वतःच्या गावातसुद्धा जागा चुकली की झाड जातंच.

'अॅमेझॉनपेक्षा दहापट'

हे जरा विस्तारानं सांगावंसं वाटतं, कारण यात नुसती एक कुंडी जात नाही. स्पेकबूम अॅमेझॉनच्या जंगलापेक्षा दहापट कार्बन शोषतं, असा एक निरोप व्हॉट्सअॅपवर फिरतो. काही वर्षांपूर्वी दक्षिण आफ्रिकेतही प्रत्येकानं दहा स्पेकबूम लावावीत अशी लाटच आली होती आणि लोक केपच्या फिनबॉस नावाच्या झुडपी रानातही ती लावायला निघाले. तिथल्याच वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्यांना थांबायला सांगितलं, कारण फिनबॉस हे वेगळं रान आहे, त्याची स्वतःची झाडं आहेत.

या निरोपामागचं मूळ संशोधन खरं आणि मोलाचं आहे. अँथनी मिल्स आणि रिचर्ड काउलिंग या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये ईस्टर्न केपमधल्या कर्कवुडजवळच्या क्रोमपुर्ट या ठिकाणचं मोजमाप प्रसिद्ध केलं. तिथे उजाड जमिनीवर लावलेल्या स्पेकबूमनं २७ वर्षांत हेक्टरी सुमारे ११० टन कार्बन साठवला होता, म्हणजे वर्षाला चार टनांच्या आसपास. इतक्या कोरड्या मुलखात हा आकडा थक्क करणारा आहे. पण तो झाडाच्या अंगात, खाली साचलेल्या पाचोळ्यात आणि मातीत मिळून साठलेला, पूर्ण हेक्टरवर, पाव शतकात. खिडकीतल्या सहा इंची कुंडीला तो आकडा लावता येत नाही.

आमच्या ओळखीच्या एका सोसायटीनं तोच निरोप वाचून बागेतली जुनी जास्वंद आणि कण्हेर काढली आणि चाळीस स्पेकबूम ओळीनं लावली. जून महिन्यात, काळ्या मातीत, लॉनला पाणी देणाऱ्या फवाऱ्याच्या टप्प्यात. मला बोलावलं ते नवरात्रात. त्यातली सदतीस गेलेली होती. जास्वंदीवर सकाळी शिंजीर यायचे, ते येईनासे झाले होते. मी कमिटीतल्या काकांना म्हटलं, "काका, कार्बनसाठी झाड लावायचं तर आपल्या मातीतलं लावा. कडुलिंब लावा, करंज लावा. स्पेकबूम कुंडीत राहू द्या." उरलेली तीन मी कुंड्यांत काढून दिली. दोन अजून आहेत.

शेवटचं, फुलांबद्दल विचारतात म्हणून. गावी याला हिवाळा सरताना बारीक गुलाबी चांदण्यांसारखी फुलं येतात, झाडच्या झाड गुलाबी होतं आणि मधमाश्या तुटून पडतात. कुंडीत फुलं येणं फार विरळ. माझ्याकडे अठरा वर्षांत एकदाही आलेली नाहीत. त्यासाठी फुलांचं औषध, पोटॅश, काहीही घालू नका.

छाटणी फेब्रुवारीत करा, पानांच्या जोडीच्या अगदी वर, तिथून दोन नवीन फांद्या फुटतात. छाटलेले तुकडे कचऱ्यात टाकू नका. वर्तमानपत्रात सैल गुंडाळा, आठवडाभर ठेवा आणि ज्याला हवं त्याला द्या. देताना त्याच कागदावर पेनानं लिहा: "दहा दिवस पाणी नको." मित्राच्या वडिलांनी मला दिलेल्या कागदावर हेच लिहिलेलं होतं.